अठरा इंच

शेजारच्या घरासमोरच्या पाटीवरची किंमत दुसऱ्यांदा उतरली, आणि आव्हेलिनो फुर्तादोने ती स्वतःची कर्तबगारी धरली. मे महिन्यात आठ लाख एकोणपन्नास हजार डॉलर, जुलैत सात नव्याण्णव, आणि आता सप्टेंबरात सात एकोणसाठ. बँकांचे चढलेले व्याजदर, थंड पडलेला बाजार, हॅमिल्टन शहरभर गिऱ्हाइकाची वाट बघत उभी असलेली घरं, यातलं काही त्याच्या खिजगणतीत नव्हतं. "नव्वद हजार उतरवले मी," रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर तो चारचौघांना सांगत होता, "तेही जागचा न हलता."

जागचा न हलता हे काही खरं नव्हतं. शेजारी घर बघायला कोणी आलं की एकाहत्तर वर्षांच्या आव्हेलिनोला कामांची आठवण व्हायची. शहरात पाळायला बंदी असलेला कोंबडा खुराड्यातून अंगणात यायचा. रेडिओवरची फुटबॉलची मॅच गॅरेजमधून रस्त्यावर ऐकू जायची. सार्डिन मासे भाजायची शेगडी नेमकी कुंपणापाशी, वारा पलीकडे जाईल अशा बेताने मांडली जायची. ऑगस्टमध्ये एक तरुण जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं होतं. त्याने त्यांना प्रेमाने कुंपणाशी बोलावलं, पिशवीभर टोमॅटो दिले, आणि तळघरात गटाराचं पाणी गुडघ्यापर्यंत चढतं अशी माहितीही दिली. गटार ठणठणीत होतं. जोडपं टोमॅटो घेऊन गेलं ते परत आलं नाही.

ही हकिगत नातेर्सियाने त्याच रविवारी, वाइनसाठी द्राक्षं चिरडण्याच्या दिवशी, गॅरेजमध्ये ऐकली. ती आव्हेलिनोची एकुलती एक मुलगी. छत्तीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात घासून देणारी, आणि अजून भाड्याच्या घरात राहणारी. फुर्तादोंच्या पोर्तुगीज घराण्यात ही शेवटची गोष्ट आजारासारखी दबक्या आवाजात बोलली जायची. तिचा बाप बोटीतून उतरल्यावर चार वर्षांत घराचा मालक झाला होता. ती आणि तिचा नवरा ड्वेन मात्र तेजीच्या काळात पाच घरांवर बोली लावून पाचही हरले होते, एकदा तर बोलीसोबत आपल्या मांजरीचा फोटो जोडूनसुद्धा. मग बाजार उतरेल म्हणून थांबले. बाजार उतरला तेव्हा व्याज इतकं चढलं की महिन्याचा हप्ता तिथल्या तिथेच राहिला. बँकेने आता सात लाख तीस हजारांचं घर त्यांना झेपेल असं लिहून दिलं होतं, त्यावर एक डॉलर नाही. आणि त्या पत्राच्या जोरावर सासऱ्याच्या शेजारचंच घर बघायचं हे ड्वेनने ठरवलं होतं. नातेर्सियाने अजून ठरवायचं होतं.

"तुझ्या वडिलांना काही सांगू नकोस," येताना गाडीत तो म्हणाला होता. ड्वेन पेनी न्यूफाउंडलंडचा, शहर बससेवेत ड्रायव्हर. फुर्तादोंच्या जेवणावळीत तो एरवी तोंड फक्त खायला उघडायचा. "ते जे करतायत ते करू दे त्यांना. अजून एक कोंबडा घेतला तर आपण जिंकलो."

"तो आपला शेजारी होणार आहे, ड्वेन."

"कोंबडा?"

"पापा."

यावर ड्वेनने गाडीचं हीटर चालू केलं होतं.

शेजारच्या घराची मालकीण हालिनाबाई फेब्रुवारीत गेली होती. आव्हेलिनोशी तिचं बावीस वर्षांचं भांडण होतं, आणि ते एका वाक्यात सांगता येईल असं होतं: कुंपण तिच्या जमिनीत अठरा इंच सरकलं आहे असं ती म्हणायची, आणि म्हातारीला मोजता येत नाही असं तो म्हणायचा. आता तिचा मुलगा रिशार्ड घर विकत होता, आणि आज दोन ते चार घर सगळ्यांना बघायला खुलं होतं.

दीड वाजता आव्हेलिनोचा धाकटा भाऊ जिल्बेर्तो आणि त्याची बायको देओलिंदा रस्ता ओलांडून जेवायला आले. त्यांचं घर समोरच. वरच्या मजल्यावरचं स्वच्छ स्वयंपाकघर फुर्तादोंच्या घरी बघण्यासाठी असायचं. जेवणं गॅरेजमध्ये, लांब टेबलावर. मधोमध केल या पालेभाजीच्या सूपचं पातेलं, बाजूला लसूण घातलेली सॉसेजं, आणि मागे द्राक्षांची अठ्ठावीस खोकी. फिलोमेना, नातेर्सियाची आई, जाऊन सहा वर्षं झाली तरी ही व्यवस्था बदलली नव्हती, फक्त सूप जास्त खारट झालं होतं.

जिल्बेर्तोने नॅपकिन गळ्यात खोचला आणि सरळ विषयाला हात घातला. "दादा, आज दुपारी जरा शांत राहा."

"मी शांतच असतो."

"कोंबडा आत ठेव. रेडिओ नको. शेगडी नको."

"रविवार आहे. रविवारी मासे भाजू नयेत असा कायदा आहे का?"

"पुढच्या महिन्यात माझं घर बघायला एजंट येतोय," जिल्बेर्तो म्हणाला. बर्लिंग्टनला तळ्याकाठी लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचं त्याने दोन वर्षांपासून डोक्यात घेतलं होतं. "रस्त्यावर शेवटचं घर ज्या भावाने गेलं, त्या भावाने पुढचं जातं. हे घर तू मातीमोल केलंस की माझंही झालं. नव्वद हजार उतरवले म्हणून फुशारक्या मारतोयस, ते अर्धे माझ्या खिशातले आहेत."

"तुझं घर माझ्या शेजारी नाही. समोर आहे."

"तुझा कोंबडा समोरही ऐकू येतो."

"मला आवडतो," देओलिंदा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. देओलिंदा एरवी सासरच्यांच्या वादात पडत नसे. ती पाव तोडत शांतपणे म्हणाली, "मला लिफ्टमध्ये जायचं नाही. मला माझी बाग आहे, माझी मैत्रीण तीन घरं सोडून आहे, चर्च चालत अंतरावर आहे. आमच्या घराला भाव आला नाही तर आम्ही जाणार नाही. आव्हेलिनो, तुम्ही मासे भाजा. मी कोळसा आणून देते."

जिल्बेर्तोने नॅपकिन काढला आणि पुन्हा खोचला. "ही माझी बायको."

"बेचाळीस वर्षं," देओलिंदा म्हणाली. "आता विचारायचं सुचलं का, जायचंय का म्हणून?"

ड्वेनने सूपाचा दुसरा वाडगा भरून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर बस वेळेवर पोचल्यासारखं समाधान होतं. तो सासऱ्याकडे वळून म्हणाला, "मासे भाजायला मी मदत करू का?"

आव्हेलिनोने जावयाला पुरतं न्याहाळलं. नऊ वर्षांत ड्वेनने सार्डिनला हात लावला नव्हता. मग त्याने मुलीकडे पाहिलं, आणि नातेर्सियाला कळलं की म्हातारा तिला वाटतो तितका भोळा नाही.

"म्हणजे तुम्हाला हवंय ते," तो म्हणाला.

"बघायचंय फक्त," नातेर्सिया म्हणाली.

"मला माहीत होतं. मी काय गंमत म्हणून करतोय हे सगळं? त्या बाळवाल्यांचा मला काय राग होता? चांगली माणसं होती. टोमॅटो दिले मी त्यांना." त्याने ग्लासातली वाइन संपवली. "तुमच्यासाठी ठेवतोय मी घर. फळ उंचावर असलं की फांदी वाकवावी लागते."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

ते खरं होतं, म्हणून नातेर्सियाला जास्त राग आला. ती उठली, हात पुसले, आणि कोट घेऊन एकटीच निघाली. "मी जाऊन येते. ड्वेन, तू खा. आणि कोणी काही भाजायचं नाही."

शेजारच्या घराच्या दारात एजंटबाई पायमोजे घालून उभी होती आणि आतमध्ये व्हॅनिलाचा वास सोडलेला होता. नातेर्सियाने वहीत नवऱ्याच्या आडनावाने सही केली. आत दुसरं कोणी नव्हतं. बावीस वर्षं ती या घराशेजारी वाढली, आणि कधी उंबरा ओलांडला नव्हता. घर तिच्या माहेरच्या घराचंच उलटं रूप होतं: जिना डावीकडे, स्वयंपाकघर उजवीकडे. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. जमीन घट्ट, खिडक्या नव्या. पाच हरलेल्या घरांत एकही इतकं नीट राखलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरात पन्नाशीचा एक उंच माणूस कॉफी पीत बसला होता. रिशार्ड. लहानपणी तिने त्याला नाताळला गाडीतून उतरताना पाहिलं होतं, तेवढीच ओळख.

"बसा," तो म्हणाला. "एजंटबाईंना वाटतं मी इथे असू नये. पण मला लोकांना एक गोष्ट स्वतः सांगायची असते. शेजाऱ्याबद्दल."

"सांगा," ती म्हणाली, आणि बसली.

त्याने ओट्यावरची फाइल ओढली. "दोन सौदे या कुंपणामुळे मोडले. मोजणी केली की वकिलाला दिसतं, अठरा इंच कमी. मग लोक शेजाऱ्याला भेटायला जातात आणि परत येतच नाहीत. तर हे आधीच दाखवतो. त्या गृहस्थाने आईला बावीस वर्षांत सत्तावीस पत्रं लिहिली. एक वाचतो. हे दोन हजार चारचं, वडील गेले त्या वर्षीचं."

त्याने चष्मा लावला आणि अगदी सपाट आवाजात वाचलं. "'माननीय बाईसाहेब, आपल्या विलो झाडाची पानं आमच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश करत आहेत. ती आपण उचलून न्यावीत ही विनंती. आपण आता एकट्या असल्याने आपल्याकडे अर्थातच भरपूर वेळ असेल.'"

नातेर्सियाच्या हाताला टेबलाची कड लागली. ते वाक्य तिचं होतं. पापा गॅरेजमधल्या लांब टेबलापाशी उभा राहून पोर्तुगीजमध्ये बोलायचा आणि ती इंग्रजीत लिहायची, तेरा वर्षांची असल्यापासून. पापाला इंग्रजीत फक्त स्टील मिलमधल्या यंत्रांची नावं येत होती. 'पानं उचला' एवढंच तो म्हणाला होता. बाकीचं सगळं तिने स्वतः घातलं होतं, शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस मिळाल्याच्या तोऱ्यात. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं होतं, कारण ते तिला फार आवडलं होतं.

"आईने हे मला फोनवर वाचून दाखवलं," रिशार्ड म्हणाला. "तिचं इंग्रजी बेताचं. 'अर्थातच' म्हणजे नक्की काय म्हणायचंय त्यांना, असं तीनदा विचारलं तिने."

खिडकीतून तिच्या बापाच्या द्राक्षांच्या मांडवाचं टोक दिसत होतं. नातेर्सियाने कोटाचं बटण लावलं, मग काढलं.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली. "सगळी मी लिहिली आहेत. निदान एकोणीस तरी. मी सोळा वर्षांची होते. पण ते वाक्य त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं आहे."

रिशार्डने चष्मा काढून पुसला. "माहीत आहे. तुम्ही दारातून आलात तेव्हाच ओळखलं. आई या खिडकीतून बघायची तुम्हाला. तुम्ही मान खाली घालून लिहायचात आणि ते बोट नाचवत बाजूला उभे. 'मुलगी फार मेहनती आहे' म्हणायची." त्याने चष्मा पुन्हा लावला. "बोलला नसतात तर मी तुम्हाला तळघर दाखवलं असतं, नमस्कार केला असता आणि पाठवून दिलं असतं."

"मला माफ करा."

"मला कशाला? आणि जिला म्हणायचं, ती आता नाही." त्याने फाइल बंद केली. "घर आवडलं?"

"हो."

"किती देता?"

असं कोणी विचारत नाही, ते एजंट लोक करतात, हे तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "सात दहा. शेजारी लक्षात घेता."

पहिल्यांदाच तो हसला, आणि ते हसणं काही फार गोड नव्हतं. "शेजारी वाईट म्हणून सूट परक्याला द्यावी लागते, बाई. तुम्हाला कशी देऊ? तुम्ही तर त्या शेजाऱ्याची लेखणी."

"बँक सात तीसच्या वर जात नाही," तिने खरं ते सांगून टाकलं.

"टोरंटोचा एकजण सात पस्तीस देतोय, घर न बघता. आठ खोल्या पाडून कॉलेजची पोरं ठेवणार. चार वाजता त्याला उत्तर द्यायचंय." त्याने फाइलच्या तळातून एक टाइप केलेला कागद काढला. "सात तीसला तुम्हाला देतो. पण यावर तुमच्या वडिलांची सही हवी."

कागदावर दोन ओळी होत्या. 'दोन हजार एक साली मी बांधलेलं कुंपण चुकीने अठरा इंच पलीकडे गेलं. ती जमीन श्रीमती हालिना यांची होती.' खाली रेघ.

"घर मीच घेणार असेन तर जमीन माझीच होईल," नातेर्सिया म्हणाली. "याचा उपयोग काय?"

"काही नाही," रिशार्ड म्हणाला. "पाच हजारांत आईचं म्हणणं खरं ठरत असेल तर मला स्वस्त आहे."

ती परत आली तेव्हा सव्वातीन झाले होते. शेगडी विझलेली होती, ड्वेन द्राक्षांच्या चरकाचं हँडल फिरवत होता, आणि बाकीचे तिघं तिची वाट बघत असल्याचं लपवत होते. तिने कागद टेबलावर, सूपाच्या डागांच्या मध्ये ठेवला आणि मोठ्याने पोर्तुगीजमध्ये वाचला. पत्रांबद्दल ती काही बोलली नाही.

"सही करू नकोस," जिल्बेर्तो लगेच म्हणाला. "दादा, बावीस वर्षं तू सत्याच्या बाजूने उभा राहिलास. आता एका कागदापुढे वाकायचं? थांब. वसंतात बाजार उठणार आहे, माझा एजंट म्हणतो. सात तीस म्हणजे लूट आहे."

"तुझा एजंट गेल्या वर्षीही हेच म्हणत होता," देओलिंदा म्हणाली. "आणि सत्य काढू नकोस. खांबांचे खड्डे कोणी खणले? दोरी मी धरली होती. हालिनाबाई मायदेशी, चेस्तोहोव्हाला बहिणीकडे गेली होती त्या आठवड्यात तुम्ही दोघांनी दोरी उचलून पलीकडे ठेवली. मी म्हटलं, हे बरं नाही. तू मला घरी जाऊन कॉफी करायला सांगितलंस."

जिल्बेर्तो द्राक्षांच्या खोक्यांकडे बघू लागला, जणू ती त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"तुम्हाला माहीत होतं?" नातेर्सियाने काकाला विचारलं. "दर नाताळला तुम्ही पापांना म्हणायचात, म्हातारीशी भांडण मिटव, मोठ्या मनाने घे."

"म्हणायचो की. मिटवलं असतं तर बरंच झालं असतं."

ड्वेनने हँडल सोडलं. "टोरंटोवाला आठ पोरं ठेवणार आहे," तो नेहमीच्या बेतशीर आवाजात म्हणाला. "आठ पोरांच्या आठ गाड्या. म्हणजे निम्म्या तुमच्या दारासमोर, काका. मी त्या कॉलेजची बस चालवतो. गुरुवारपासूनच पितात."

जिल्बेर्तोच्या चेहऱ्यावर बर्लिंग्टनचा फ्लॅट एकेक मजला खाली येताना दिसत होता. मग त्याने घसा साफ केला. "दादा, सही कर. कुटुंबापेक्षा मोठं काय असतं?"

"आठ पोरं?" देओलिंदा म्हणाली. "मला चालतील. जरा जिवंतपणा येईल गल्लीत."

"तू आत्ता म्हणालीस सही करा."

"मी म्हणाले, सत्य काढू नकोस. सही करा असं कुठे म्हणाले?"

इतका वेळ आव्हेलिनोने कागदाला हात लावला नव्हता. तो दोन्ही तळवे टेबलावर ठेवून बसला होता. द्राक्षांच्या रसाने बोटं जांभळी झाली होती. "तुला इथे राहायचंय?" त्याने मुलीला विचारलं. "माझ्या शेजारी?"

ड्वेनने तोंड उघडलं. नातेर्सियाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने ते मिटलं.

"परवडणारं हे एकच घर आहे, पापा."

"परवडतंय ते माझ्यामुळे."

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याला तेवढं पुरलं असावं. मग त्याने कागद ओढला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता शब्द? मघाशी वाचलास तो. 'चुकीने'."

"हो."

"हा खोडायचा."

"पापा, पावणेचार झालेत."

"चूक म्हणजे काय? न कळता होते ती. मी पस्तीस वर्षं स्टील मिलमध्ये काम केलं. केसाच्या जाडीएवढा फरक मला डोळ्यांनी कळायचा. अठरा इंच मला कळणार नाहीत? हातगाडी जात नव्हती मागच्या अंगणात. रुंद जागा हवी होती. मी मोजून घेतली ती जागा." त्याचा आवाज चढला. "चुकलो म्हणून मी सही करणार नाही. मला मोजता येत नाही असं म्हातारीला मरेपर्यंत माझ्याकडून वदवून घेता आलं नाही, आता तिचा पोरगा वदवणार?"

"मोजता येत नाही असं तुम्ही तिला म्हणायचात," नातेर्सिया म्हणाली.

"तेच ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चोर म्हणवून घ्यायला हा माणूस तयार होता, पण बावळट म्हणवून घ्यायला नाही. बावीस वर्षं सत्तावीस पत्रांत कधी न आलेली कबुली आता तो छातीठोकपणे देत होता, आणि त्यात माफीचा लवलेश नव्हता. तिला हसू आलं, आणि त्याच वेळी पत्रातलं आपलं ते वाक्य आठवलं. हा स्वभाव घरात एकट्याचा नव्हता.

"काय लिहू मग?" तिने पेन काढलं.

"जाणूनबुजून."

तिने 'चुकीने' खोडलं, वर 'जाणूनबुजून' लिहिलं. आव्हेलिनोने खाली मोठ्या अक्षरांत सही केली, एफच्या शेपटीसकट, आणि साक्षीदार म्हणून कागद जिल्बेर्तोपुढे सरकवला. "खड्डे तू खणलेस. कर."

जिल्बेर्तोने केली. देओलिंदाने न मागता केली.

रिशार्डने दारातच कागद वाचला. बदललेल्या शब्दावर त्याची नजर बराच वेळ थांबली. "हे आईला फार आवडलं असतं," तो शेवटी म्हणाला, आणि एजंटबाईला टोरंटोला नकार कळवायला सांगितलं.

चावी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. तोवर व्याज पाव टक्क्याने उतरलं होतं आणि वर्तमानपत्रात किमती अजून पडणार असं छापून आलं होतं. ड्वेनने ते वर्तमानपत्र नातेर्सियाच्या नजरेला पडू नये म्हणून गाडीत ठेवलं, तिने फोनवर आधीच वाचलेलं होतं. जिल्बेर्तोच्या एजंटने सात तीसचा आकडा ऐकून वसंताची वाट बघायला सांगितलं. देओलिंदाने त्या दिवशी बागेत पुढच्या वर्षासाठी लसूण लावला.

सकाळी ड्वेन सामानाची व्हॅन आणायला गेला आणि नातेर्सिया रिकाम्या स्वयंपाकघरात एकटी होती. पडदे नव्हते. खिडकीतून पापाचं अंगण सरळ दिसत होतं. इतकं आणि असं तिने ते कधी पाहिलं नव्हतं. तो त्या अठरा इंचांच्या पट्टीत उभा राहून अंजिराच्या झाडाला हिवाळ्यासाठी गोणपाट गुंडाळत होता, सुतळी दातांत धरून.

त्याला चाहूल लागली. त्याने मान वर केली.

तो चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. गॅरेजमध्ये पत्रं लिहिताना ती कायम त्याच्या बाजूला बसलेली असायची, आणि तो चेहरा या बाजूला, हालिनाबाईच्या खिडकीकडे बघत असायचा. ओठ दाबलेले, डोळे बारीक, हनुवटी पुढे. भिंतीवर ओल आली आहे का हे माणूस ज्या नजरेने बघतो, तसा तो खिडकीकडे बघत होता.

तिने खिडकी वर सरकवली. थंड हवा आत आली.

"पापा," ती म्हणाली. "मी आहे."

आव्हेलिनोने दातांतली सुतळी काढली.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि तिने खिडकी खाली ओढेपर्यंत तसाच बघत राहिला.